हाक्याला सेमी-ऑटो रायफल घ्यावी का? वापरलेल्या माणसाचं उत्तर

तू मला काका म्हणून लिहिलंस, तेव्हा मीही अरे-तुरेच करतो. तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तू मुलुंडचा, नोकरीला हॅनोव्हरला. तिथली शिकाऱ्याची परीक्षा पास झालास, सध्या महिनाभर सुट्टीवर घरी आहेस. परत गेल्यावर पहिली रायफल घ्यायची आहे. दुकानदार सेमी-ऑटोमॅटिक गळ्यात मारायला बघतोय आणि गटातले म्हातारे नाकं मुरडतायत. ज्यांनी ती खरोखर रानात वापरली त्यांचा अनुभव काय, अडकते का, नेमाला कशी, आणि उद्या कायमचा मुंबईला परतलास तर बरोबर आणता येईल का, एवढं तुला हवंय.

मी बोटीवरचा इंजिनीअर. पुढे हॅम्बुर्गला जहाजांच्या इंजिनांच्या कामात सतरा वर्षं काढली, तिथेच परवाना काढला. पहिली सात वर्षं जुनी माउझर ९८, बोल्टची, म्हणजे प्रत्येक बारानंतर हाताने मूठ फिरवून भरायची. नंतरची दहा वर्षं गॅसवर चालणारी सेमी-ऑटो, थर्टी-ओ-सिक्स काडतुसाची. दोन्ही घेऊन लुनेबुर्गच्या माळावर दर नोव्हेंबर-डिसेंबरात डुकरांच्या हाक्याला उभा राहिलोय. हो, हाकाच. ते लोक त्याला द्रुकयाग्ड म्हणतात, नारिंगी जाकिटं घालतात, आधी कागदावर सह्या घेतात, शिंग फुंकतात. पण गोष्ट तीच जी लांज्याजवळ आमच्या गावी माझे आजोबा करायचे: इकडून हाकारे रान उठवणार, तिकडे बंदूकवाले वाटा धरून बसणार. डुक्करही तेच, एकाच जातीचं. आपल्याकडचं मानेवर आयाळवालं, तिकडचं लोकरीवालं. आजोबांकडे ठासणीची होती. दारू, चिंध्या, गोळी, वर टोपी. एक बार झाला की तो हाका त्यांच्यापुरता संपला. त्यामुळे एका बारात काम करायची त्यांना सवयच होती. हे मुद्दाम सांगतोय, पुढे उपयोगी पडेल.

आता ही रायफल करते काय ते बघ. नळीच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं. गोळी ते भोक ओलांडून पुढे गेली की मागचा थोडा गॅस त्यातून खाली उतरतो आणि एका पिस्टनला धक्का देतो. पिस्टन दांड्यांना ढकलतो, दांड्या बोल्टला. बोल्ट फिरून कुलूप सोडतो, रिकामी पुंगळी खेचून उजवीकडे फेकतो, मागे जाताना घोडा चढवतो, आणि स्प्रिंगच्या जोरावर पुढे येताना मॅगझिनमधलं, म्हणजे काडतुसांच्या पेटीतलं, पुढचं काडतूस उचलून चेंबरमध्ये, नळीच्या मागच्या टोकाच्या घरात, बसवतो. हे सगळं तुझा खांदा धक्क्यातून सावरायच्या आत उरकलेलं असतं. १९६७ साली आलेली ब्राउनिंगची बीएआर (BAR) रायफल याच पद्धतीची, तिच्या फिरत्या बोल्टला सात दाते आहेत. (त्याच नावाच्या जुन्या लष्करी मशीनगनशी तिचा नावापुरताच संबंध, दुकानात कुणी वेगळ्या गप्पा मारल्या तर सोडून दे.) त्याच्याही आधी, १९०६ सालच्या रेमिंग्टन मॉडेल ८ मध्ये गॅसचा पिस्टन नव्हताच, बाहेरच्या वेष्टनाच्या आत अख्खी नळीच मागे सरकायची. म्हणजे शिकारीची सेमी-ऑटो हे कालचं खूळ नव्हे, शंभर वर्षं उलटून गेली.

इंजिनाच्या माणसाला हे बघून आनंदच होतो. पण शिकारीच्या दृष्टीने यातलं एकच वाक्य महत्त्वाचं: बोल्टची रायफल तू भरतोस, ही स्वतःच भरते. बार झाल्यावर माउझर रिकामी पुंगळी पोटात धरून गप्प असते. तू हात घालून बोल्ट फिरवत नाहीस तोवर ती नुसती काठी. सेमी-ऑटो बार झाल्या क्षणापासून पुन्हा भरलेली, घोडा चढलेली, आणि सेफ्टी तू मघाशीच काढलेली.

एका हाक्यात माझ्या शेजारच्या मचाणावर बऱ्यापैकी अनुभवी, साठीच्या आसपासचे गृहस्थ होते. बोल्टवर आयुष्य घालवलेलं, त्या वर्षी मुलाची सेमी-ऑटो आणली होती. समोरच्या ओळीतून डुक्कर आलं, त्यांनी बार टाकला, जागच्या जागी पडलं. सुरेख बार होता. हाका संपल्याचं शिंग वाजलं, तसे ते आनंदात रायफल मचाणाच्या कठड्याला टेकवून खाली उतरले, फांदी मोडून डुकराच्या तोंडात हिरवा डहाळा ठेवायला. तिथे तशी रीत आहे, शेवटचा घास म्हणतात. मी अभिनंदनाला गेलो. रायफल तिरकी होऊन कठड्यावरून घसरायच्या बेतात होती आणि नळी बरोबर त्यांच्या पाठीच्या दिशेने. सेफ्टीवर लाल ठिपका दिसत होता, म्हणजे ती काढलेलीच. मी मॅगझिन काढलं, बोल्ट ओढला, तर चेंबरमधून चांगलं भरलेलं काडतूस माझ्या बुटावर येऊन पडलं. त्यांना दाखवलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला, आणि जेवणाच्या वेळी ते एक शब्द बोलले नाहीत. त्यांचा हात चाळीस वर्षं शिकला होता की बार झाला म्हणजे बंदूक रिकामी. डोक्याला माहीत होतं, हाताला नव्हतं.

रिकामी करण्याचा क्रमही याच कारणाने जिवावरचा. आधी मॅगझिन, मगच बोल्ट. उलटं केलंस, म्हणजे मॅगझिन आत असताना बोल्ट ओढलास, तर एक काडतूस बाहेर पडलेलं तुला दिसतं, समाधान वाटतं, आणि बोल्ट पुढे येताना दुसरं बसलेलं असतं ते दिसत नाही. मी नेहमी मोजायचो. तीन घातली, एक बार केला, तर दोन हातात आली पाहिजेत. आली नाहीत तर रायफल अजून भरलेली. मग चेंबरमध्ये करंगळी घालून बघायचं, नुसतं डोकावून नाही. डिसेंबरात चार वाजता जंगलात काय दिसणार आहे?

तू विचारलंस अडकते का. माझी स्वतःची दहा वर्षांत मोजून चार वेळा फसली आणि चारातल्या तीन वेळा दोष माझा. पहिली तर पहिल्याच मोसमात. थंडी शून्याखाली सहा-सात, जमिनीवर पांढरं दव. मी मचाणावर चढलो आणि माउझरच्या सवयीने आवाज नको म्हणून बोल्टची मूठ हातात धरून हळूच, मांजराच्या पावलाने पुढे नेली. सव्वा तासाने एक भलामोठा नर तीस मीटरवर येऊन थांबला. आडवा, खांदा उघडा. मी चाप ओढला. काहीच नाही. चाप नुसता मऊ पडला, पत्र्याच्या डबीला टिचकी मारावी तसा आवाज. डुक्कर दोन क्षण माझ्याकडे बघत राहिलं आणि चालत गेलं, पळालंसुद्धा नाही. नंतर बोटाने चाचपलं तेव्हा कळलं, बोल्ट पूर्ण मिटलाच नव्हता, दोन मिलिमीटर मागे होता. दाते कुलपात फिरले नव्हते, म्हणून रायफलीने बार द्यायला नकार दिला. तिने बरोबर केलं. या रायफलीला पुढे जायला स्प्रिंगचा पूर्ण जोर लागतो. मूठ मागे ओढायची आणि सोडून द्यायची, खडाक आवाज झाला तर होऊ दे. म्हणूनच मचाणावर पोचल्या पोचल्या भरायचं, हाकाऱ्यांची आरोळी यायच्या बराच आधी, आणि मग बोट लावून मूठ तळाला टेकलीय ना ते बघायचं. रात्री एकट्याने, चांदण्यात उंच मचाणावर बसायचं असेल तर मात्र हा खडाक तुला नडेल. तिथे बोल्टच बरी, यावर मी वाद घालणार नाही.

भरून पुन्हा रिकामी, भरून पुन्हा रिकामी असं तेच काडतूस दिवसात चारदा चेंबरमध्ये गेलं, तर त्याच्या बुडाच्या टोपीवर सुईच्या टोकाएवढा ठिपका उमटलेला दिसेल. बोल्ट आदळताना फायरिंग पिन मोकळी सरकून टोपीला हलकी टोचते. घाबरायचं कारण नाही, पण तसं काडतूस पुढच्या हाक्याला वापरू नये. सरावाच्या डब्यात टाकायचं. आणि भरताना नळी नेहमी जमिनीकडे, मऊ मातीकडे.

पुढच्या दोन खोड्या काजळीच्या. पिस्टन आणि त्याच्या नळकांड्यावर दारूची काजळी चढते, अगदी एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर चढते तशी, आधी काळी मग खडकासारखी. नवशिके काय करतात, नळी आरशासारखी चकचकीत करतात, पिस्टन उघडतच नाहीत, आणि वरून तेल ओततात. थंडीत ते तेल काजळीत मिसळून गुळाच्या पाकासारखं होतं. बोल्ट आळसावतो, पुंगळी अर्धवट बाहेर येऊन दारात अडकते. पिस्टन कोरडा हवा, घासून पुसून. तेल फक्त बोल्टच्या सरकत्या वाटेवर, बोटाला लावून पुसून टाकल्यावर जेवढं उरेल तेवढं. चेंबरही ब्रशने फिरवून साफ कर. पुंगळी तिथे चिकटली की ओढणाऱ्या आकड्यावर सगळा भार येतो. अमेरिकेतल्या एका जुन्या, लाखोंनी खपलेल्या मॉडेलची हीच रड आहे. घाण चेंबर, त्यात जोराने खेचाखेच, आणि कालांतराने बोल्ट जिथे सरकतो त्या आतल्या कडाच झिजून खरवडल्या जातात. त्या दुरुस्त होत नाहीत. जुनी सेमी-ऑटो बघायला गेलास तर नळीत डोकावण्याआधी त्या कडांवर बोटाचं नख फिरव. कंगव्यासारखं लागलं तर चहा पिऊन परत ये.

चौथी वेळ काडतुसाची. मित्राने घरी भरलेली दिली होती, त्याच्या बोल्टच्या रायफलीला मानवणारी, जरा हलकी. माझ्या पिस्टनला पुरेसा गॅसच मिळाला नाही. गॅसच्या रायफलीला दारूचा वेग आणि जोर ठरावीक लागतो, तेव्हा कारखान्याचं एक काडतूस निवड आणि त्याच्याशीच संसार कर.

आता दुसऱ्या बाराबद्दल. दुकानदार हाच विकतो. त्याचं म्हणणं खोटं नाही: बोल्ट फिरवायला सराईताला सेकंद-सव्वा सेकंद लागतो, नजर दुर्बिणीतून हलते, आणि जोरात पळणारं डुक्कर तेवढ्यात दहा-बारा मीटर पुढे गेलेलं असतं. सेमी-ऑटोत गाल दस्त्यावरून उठत नाही. धक्काही सौम्य लागतो, कारण थोडा जोर त्या सगळ्या हलत्या भागांत खर्च होतो, ९.३×६२ सारख्या दांडग्या काडतुसाला हा फरक खांद्याला स्पष्ट कळतो.

पण माझ्याबरोबर उभे राहिलेल्यांचं मी काय पाहिलं ते सांगतो. सेमी-ऑटो हातात आली की पहिल्या वर्षी माणूस जास्त बार करतो आणि त्यातले कमी लागतात. मीही त्यातलाच. याचं गणित सोपं आहे. पळणारं डुक्कर सेकंदाला दहा मीटर जातं असं धर. पन्नास मीटरवर थर्टी-ओ-सिक्सची गोळी पोचायला सेकंदाचा सोळावा-सतरावा भाग लागतो. तेवढ्यात डुक्कर साठ सेंटिमीटर सरकलेलं असतं, म्हणजे खांद्यावर नेम धरलास तर गोळी पोटात किंवा मागे. पुढे किती धरायचं हे पहिल्या बाराला चुकलं असेल, तर सेकंदाच्या तिसऱ्या भागात टाकलेला दुसरा बार त्याच जागी चुकणार. यंत्र जलद आहे, तुझा अंदाज तेवढ्यात बदललेला नसतो. बोल्टवाला त्या सव्वा सेकंदात नकळत पुन्हा डुकराकडे बघतो, ओळीकडे बघतो, शेजारचा मचाण कुठे आहे ते आठवतो. सेमी-ऑटोवाल्याला ते मुद्दाम करावं लागतं. आणि हाक्यात कुत्री असतात, हाकारे असतात, झाडीत नारिंगी काहीतरी हललेलं असतं. गोळीमागे जमीन आहे ना, हे प्रत्येक बाराला नव्याने बघायचं, पहिल्याला बघितलं म्हणून दुसऱ्याला चालत नाही, कारण डुकराबरोबर तुझी नळीही फिरलेली असते.

मी स्वतःला यातून असं सोडवलं: दोन मोसम हाक्याला मॅगझिनमध्ये एकच काडतूस आणि चेंबरमध्ये एक. आजोबांची आठवण ठेवून, म्हण हवं तर. बारांची संख्या निम्म्यावर आली, डुकरं तेवढीच राहिली. त्याआधी तुमच्याकडच्या शूटिंग सिनेमात, पडद्यावर डुकरं पळतात तिथे, दोन-चारशे काडतुसं जाळ. त्यात कंजुषी नको.

नेम कसा धरते? पुरेसा. माझी शंभर मीटरवर पाच गोळ्यांत चार-पाच सेंटिमीटरचा घोळका द्यायची, माउझर त्याच्या निम्म्यात. डुकराच्या छातीत जेवणाच्या ताटाएवढी जागा असते आणि हाका साठ मीटरच्या आतला, तेव्हा हा फरक कागदावरचा. चाप मात्र जड आणि जरा लांबट वाटेल. लांबून, बसून, निवांत हरण मारायचं तर तो चाप त्रास देतो.

कायद्याचं तुला परीक्षेत शिकवलंच असेल, तरी पक्कं ठेव: जर्मनीत शिकारीला सेमी-ऑटोमध्ये एकूण तीनच काडतुसं, मॅगझिनमध्ये दोन, चेंबरमध्ये एक. २०१६ च्या मार्चमध्ये तिथल्या संघीय प्रशासकीय न्यायालयाच्या निकालाने काढता-घालता येणाऱ्या मॅगझिनच्या सगळ्याच सेमी-ऑटो अडचणीत आल्या होत्या, त्याच वर्षी नोव्हेंबरात कायद्यात दुरुस्ती करून तीनाचा नियम स्पष्ट केला. त्या आठ महिन्यांत आमच्या गटातल्या दोघांनी वैतागून आपल्या विकून टाकल्या आणि सरळ ओढायच्या बोल्टच्या घेतल्या, ब्लेझरच्या आर ८ सारख्या, ज्यात मूठ फिरवायची नाही, नुसती मागे-पुढे. त्यांना नंतर परत सेमी-ऑटो घ्यावीशी वाटली नाही. तीनच काडतुसं चालणार असतील तर ही सरळ ओढायची रायफल जवळजवळ तेवढीच जलद, शांतपणे भरता येते, आणि स्वतः स्वतःला भरत नाही. माझ्या मते पहिली रायफल म्हणून हीच. सेमी-ऑटो तिसऱ्या-चौथ्या मोसमात, वर्षाला सात-आठ हाके होत असतील तरच.

आता मुंबईचं. इथे शिकार हा विषयच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९१ च्या दुरुस्तीने ती बंद झाली. पिकं खाणाऱ्या डुकरांना मारायची परवानगी वनखातं देतं, ती नुकसान सोसणाऱ्या शेतकऱ्यासाठी असते, दादर-मुलुंडच्या हौशी माणसासाठी नाही. रायफलीबद्दल म्हणशील तर शस्त्र नियम २०१६ प्रमाणे सेमी-ऑटोमॅटिक रायफल निर्बंधित वर्गात मोडते, त्या वर्गाचा परवाना केंद्रीय गृहखात्याच्या हातात. कायमचं परतणाऱ्याला एक बंदूक आणायची सवलत आहे, पण या वर्गातल्या बंदुकीला ती लागू नाही. आणि एक गोष्ट तुझा दुकानदार तुला सांगणार नाही, कारण त्याला माहीत असायचं कारण नाही: .३०८ काडतुसाच्या रायफलीत लष्करी ७.६२ चं काडतूस बसतं, म्हणून ती बोल्टची असली तरी आपल्याकडे निर्बंधित बोअरची, म्हणजे निर्बंधित मापाची, ठरते. थर्टी-ओ-सिक्सला ही अडचण नाही. आपल्या ईशापूरच्या कारखान्यातही थर्टी-ओ-सिक्सची स्पोर्टिंग रायफल निघते. परत यायचा जराही विचार असेल तर बोअर निवडताना हे डोक्यात ठेव. मी माझी तिथेच विकून आलो. आता वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर अधूनमधून मुलांच्या एअर रायफली बघतो, तेवढं पुरतं. जुलैत दादरच्या घरात कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यालाही बुरशी येते, तिथे नळीचं काय झालं असतं देव जाणे.

तू शेवटच्या ओळीत सहज लिहिलंस की तू डावखुरा आहेस. अरे, हे पहिल्या ओळीत लिहायचं! सेमी-ऑटो पुंगळी उजवीकडे फेकते. डाव्या खांद्याला लावलीस तर ती गरम पुंगळी तुझ्या चष्म्यासमोरून जाईल, आणि काजळीची फुंकर नाकावर. काही मॉडेलं डावखुऱ्यांसाठी उलटी बनवतात, पण दुकानात ती सहसा समोर नसतात, मागवावी लागतात. सरळ ओढायच्या रायफलींत डाव्या हाताचा बोल्ट सहज मिळतो. दुकानदाराने तुला उजव्या हाताची दाखवली असेल तर तिचं बयाणं दिलेलं नाहीस ना, ते आधी कळव.